बसऱ्याला गेलेले पणजोबा आणि मेडलच्या कडेवरचं नाव

(वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात ट्रंकेतल्या जुन्या कागदांबद्दल लिहिलं आणि त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त मेडल्सची निघाली. पत्र्याचा डबा, पावडरचा डबा, देव्हाऱ्याखालचा खण, कुठे कुठे सापडलीत ही मेडल्स. सगळ्यांना एकच प्रश्न आहे, हा माणूस नक्की कोण होता आणि कुठे गेला होता. म्हणून यावेळी दुसरे विषय बाजूला ठेवलेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. गावाकडच्या घराची कौलं बदलताना माळ्यावर एक डबा सापडला, त्यात तीन मेडल्स आहेत. एक चांदीचं वाटतं, एक पिवळसर आणि एक चांदणीसारखं. रिबन पार कुजल्यात. आजी सांगायची की पणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते, दोन-अडीच वर्षं काही खबर नव्हती, घरच्यांनी आशा सोडली होती आणि मग एक दिवस ते चालत दारात आले. चांदीच्या मेडलच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं आहेत, त्यात एक नंबर, मग सेपॉय, मग नाव आणि शेवटी ११७ मराठाज एवढं लागतं. नाव इंटरनेटवर टाकून बघितलं, काहीच आलं नाही. आता कुठे जाऊ? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : नमस्कार. तुम्ही म्हणता काहीच आलं नाही, पण तुमच्या पत्रात इतकं काही आहे की मी ते तीनदा वाचलं.

आधी मेडल्स कोणती ते बघू. चांदीचं म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस, त्याच्यासोबत १९१४ आणि १९१८. पिवळसर म्हणजे व्हिक्टरी मेडल, त्यावर पंखवाली बाई असते आणि त्याची रिबन इंद्रधनुष्यासारखी, मध्ये लाल. आणि चांदणी म्हणजे १९१४-१५ स्टार. आता ही चांदणीच सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण ती फक्त त्यांनाच मिळाली जे ३१ डिसेंबर १९१५च्या आत लढाईच्या भागात पोचले होते. नुसती दोन गोल मेडल्स असती तर माणूस बहुतेक १९१६नंतर गेला असं धरलं असतं. तुमचे पणजोबा सुरुवातीच्या लोकांतले आहेत.

आता नाव बाजूला ठेवा आणि नंबर आणि पलटण पकडा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण आधी नावच शोधतो. त्या काळी इंग्रज कारकुनाने आपली नावं कानाला जशी आली तशी लिहिली. जाधवचं जाधाव, पवारचं पोवार, सावंतचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे. त्यात एका पलटणीत एकाच नावाचे चार शिपाई असणं ही काही विशेष गोष्ट नव्हती, आणि नंबर प्रत्येक पलटणीचा आपापला असायचा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा. म्हणून नंबर अधिक पलटण ही जोडी हवी, ती तुमच्याकडे आहे. आणि हो, इंग्रजीत शोधताना मराठा शब्दाचं आजचं स्पेलिंग टाकू नका. तेव्हा ते एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं लिहायचे, त्या एका एचमुळे आणि दोन टींमुळे कित्येकांचा शोध पहिल्या पायरीवरच अडकतो.

११७ मराठाज ही पलटण सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होती. हे सैन्य नोव्हेंबर १९१४मध्ये आजच्या इराकात, शत-अल-अरब नदीच्या तोंडाशी फाओला उतरलं आणि तिथून बसरा घेतलं. घरात फक्त बसरा हे नाव उरलं, आपल्याकडे सगळीकडे असंच झालंय, पण बसरा ही सुरुवात होती. एप्रिल १९१५मध्ये शैबाची लढाई झाली, नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली, तिथून माघार घेत हे सैन्य टायग्रिस नदीकाठच्या कुत गावी आलं आणि ७ डिसेंबर १९१५पासून तुर्कांनी कुतला वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ला धान्य संपल्यावर शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणींची माणसं होती. शेवटी शेवटी घोड्याचं मांस खायची वेळ आली होती आणि आपल्या बऱ्याच शिपायांनी ते किती तरी दिवस नाकारलं, अशक्त झाले, आजारी पडले पण नाकारलं. कैद्यांना बगदाद, मोसुल करत रास-अल-ऐनच्या बाजूला नेलं, तिथे रेल्वेच्या कामाला लावलं. कित्येक जण वाटेतच गेले.

आता आजीचं वाक्य परत वाचा. दोन-अडीच वर्षं खबर नाही, आशा सोडली, मग चालत दारात आले. एप्रिल १९१६ ते १९१८ची अखेर, हिशोब बसतो का बघा. मी असं म्हणत नाही की ते कुतच्या कैदेत होतेच, कारण ११७ची सगळीच माणसं वेढ्यात नव्हती, जखमी होऊन आधीच परत पाठवलेले होते, नंतर भरती झालेले होते. पण पहिला अंदाज म्हणून हाच धरा आणि तो खोडून काढता येतो का ते शोधत जा. काम असंच होतं.

मग पुढची पायरी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट आहे, फुकट आहे, पण त्यात फक्त मेलेल्या सैनिकांची नावं आहेत. तुमचे पणजोबा परत आले, म्हणजे तिथे ते सापडणार नाहीत, आणि सापडले नाहीत ह्यात आनंदच आहे. तरी तिथे जा. का, तर त्याच पलटणीतले, तुमच्याच तालुक्यातले जे परत आले नाहीत त्यांची नावं तिथे आहेत, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं बऱ्याच नोंदींना लिहिलेलं असतं. भरती गावागावाने व्हायची, एक गेला की त्याच्या मागून भावकीतले दोघं जायचे, त्यामुळे पणजोबांचे सोबती कोण होते हे तिथून कळतं. शोधताना एक युक्ती करा. आपल्या लोकांचं पूर्ण नाव बऱ्याचदा आडनावाच्याच रकान्यात घातलेलं आहे, म्हणून पहिल्या नावाचा रकाना रिकामा ठेवा आणि आडनावाच्या जागी पहिलं नाव टाका. जिल्हे पण जुने धरायचे. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता, वाळवा, तासगाव हा भाग साताऱ्यात यायचा. रायगड म्हणजे कुलाबा. सिंधुदुर्ग १९८१ला झाला, त्याआधी रत्नागिरी.

बसऱ्याचं एक सांगते, कारण ते मला अजून झेपलेलं नाही. बसरा मेमोरियलवर चाळीस हजारांहून जास्त माणसांची आठवण आहे. इंग्रज सैनिक आणि भारतीय अधिकारी, म्हणजे जमादार, सुभेदार ह्यांची नावं दगडात कोरली. साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीचं नाव लिहून खाली फक्त आकडा. कमिशननेच २०२१मध्ये अहवाल काढून कबूल केलं की असं वेगळं वागवलं गेलं. पलटणींच्या वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धातल्या रोजच्या नोंदवह्या, लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्याही वाचा, ११७ने कुठल्या दिवशी काय केलं ते तिथे सापडेल. पण तिथेही इंग्रज ऑफिसर जखमी झाला तर नावासकट, आणि शिपाई असतील तर आय-ओ-आर अशी तीन अक्षरं आणि पुढे संख्या. आय-ओ-आर म्हणजे इंडियन अदर रँक्स. मग तुमच्या हातातल्या त्या चांदीच्या तुकड्याकडे बघा. दगडावर नाही, डायरीत नाही, पण मेडलच्या कडेवर सरकारला त्या शिपायाचं नाव घालावं लागलं, नंबरासकट, पलटणीसकट. म्हणून मी म्हणते कड नीट वाचा, ते नुसतं नाव नाहीये.

वाचायचं कसं तर भर उन्हात नाही. संध्याकाळी खोली अंधारी करा, टॉर्च एका बाजूने अगदी आडवा धरा म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात, आणि मोबाइलवर कडेचे सात-आठ फोटो काढा, मेडल थोडं थोडं फिरवत. तरी लागत नसेल तर पातळ कागद कडेवर ठेवून पेन्सिल हलकी घासा, लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसं. चांदणीचं नाव मात्र कडेला नसतं, ते मागच्या सपाट बाजूला असतं. तिन्ही मेडल्सवर नंबर एकच आहे ना हे आवर्जून तपासा. माझ्याकडे एकांनी आणलेल्या जोडीत वॉर मेडल एका भावाचं आणि व्हिक्टरी मेडल दुसऱ्या भावाचं निघालं, घरात शंभर वर्षं सगळे ते एकाच माणसाचं समजत होते. दुसरा भाऊ परत आला नव्हता, आणि त्याचं नावच कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर आजची पलटण. १९२२ला सगळ्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १०३ची पहिली बटालियन झाली, तीच आजची जंगी पलटण. १०५ची दुसरी झाली, तिला अजून काली पाचवी म्हणतात. ११०ची तिसरी, आज ती पॅराशूट रेजिमेंटची सेकंड पॅरा आहे. ११६ची चौथी, तुमच्या ११७ची पाचवी, आणि ११४ ट्रेनिंग बटालियन झाली. रेजिमेंटचं सेंटर बेळगावला आहे. पहिल्या महायुद्धातल्या शिपायाचा स्वतंत्र कागद मिळेलच अशी आशा धरून पत्र लिहू नका, पण पत्र लिहा. नंबर, रँक, नाव जसं कोरलंय तसंच, पलटण, गाव, आणि मेडलचे फोटो सोबत.

आणि गावात शोधा, हे सगळ्यात शेवटी लिहितेय पण करा सगळ्यात आधी. कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी असते, इंग्रजीत लिहिलेली, ह्या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेली आणि त्यातली इतकी कामी आली. चुन्याचे दहा हात बसून अक्षरं बुजलेली असतात. घरात डिस्चार्जचा कागद किंवा पेन्शनचं पुस्तक असेल तर त्यावर बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण असं सगळं मिळू शकतं, ते एकच पान दहा वेबसाइटींना भारी आहे. आणि तुमच्या आजीच्या पिढीतलं कुणी हयात असेल तर ह्याच रविवारी जाऊन बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून ठेवा. मेडल्स काढून हातात द्या. हातात दिलं की माणसं वेगळं बोलतात, हे मी बऱ्याच वेळा बघितलंय.

प्रश्न : माझ्या आजोबांची पाच मेडल्स आहेत, तीन सहा टोकांच्या चांदण्या आणि दोन गोल. एकावरही नाव नाही, कडा कोऱ्या. मामा म्हणतो आजोबा आफ्रिकेत होते, आई म्हणते इटलीत. ते पेन्शन घेत होते आणि आम्ही लहान असताना वारले. नाव नसेल तर मेडल्स आमच्याच आजोबांची हे तरी कसं समजायचं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ही दुसऱ्या महायुद्धाची आहेत आणि मामा आणि आई दोघंही बरोबर असू शकतात. त्या युद्धाच्या मेडल्सवर नाव नसणं अगदी नेहमीचं आहे, ब्रिटिश सैन्यात तर सरकारने नाव न घालताच वाटली, आपल्याकडच्या काहींवर सापडतं, काहींवर नाही. त्यामुळे कोरी कड बघून घाबरू नका.

चांदण्या रिबनवरून ओळखा, धातू सगळ्यांचा सारखाच. गडद निळा, लाल आणि फिकट निळा असे तीन पट्टे म्हणजे १९३९-४५ स्टार. फिकट वाळूच्या रंगावर मध्ये जाड लाल पट्टा आणि बाजूला निळे, तो आफ्रिका स्टार, जून १९४० ते मे १९४३. लाल पांढरा हिरवा पांढरा लाल, तो इटली स्टार, जून १९४३ ते मे १९४५. रिबन नसल्या तरी चांदणीच्या मधल्या वर्तुळावर नावच लिहिलेलं असतं. गोलांपैकी एकावर सिंह दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा असेल तर ते वॉर मेडल. आणि एकाची रिबन गडद आणि फिकट निळ्या पट्ट्यांची असेल तर ते इंडिया सर्व्हिस मेडल.

आता आफ्रिका आणि इटली दोन्ही असतील तर मराठा पलटणींत बटालियन शोधणं तसं सोपं होतं. तिसरी बटालियन १९४१मध्ये इरिट्रियात केरनच्या डोंगरात लढली आणि पुढे इटलीला गेली. तिथेच १० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनची जागा घेतली आणि तिथेच ते पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान. पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधवांनाही तोच क्रॉस, इटलीतल्याच सेनियो नदीवरच्या ९ एप्रिल १९४५च्या लढाईसाठी. दुसरी बटालियन जून १९४२मध्ये उत्तर आफ्रिकेत, लिबियातल्या तोब्रुकला कैद झाली. चौथी बर्मेच्या बाजूला, मार्च १९४४मध्ये सांगशाकला होती, म्हणजे आजोबा चौथीत असते तर बर्मा स्टार दिसला असता, गडद निळा, मधे लाल, बाजूला केशरी रेघा. मेडल्सवरून माणूस कुठे नव्हता हे आधी कळतं आणि त्यातून कुठे होता ते उरतं.

पण थांबा, आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतच होते हे कुणी सांगितलं? आपली माणसं खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये होती, तोफखान्यात होती, सर्व्हिस कोरमध्ये ट्रक चालवत होती, महार रेजिमेंट १९४१ला उभी राहिली त्यात होती. मेडल्स सगळ्यांना सारखीच. म्हणून आजोबांचा युनिफॉर्ममधला फोटो शोधा, टोपीवरचा बॅज आणि खांद्यावरची पितळी अक्षरं मोठी करून बघा. तेवढ्यावरून पलटण कळते.

आणि डब्यात परत हात घाला. पेन्शन घेत होते म्हणजे १९४७नंतरही नोकरीत राहिले असण्याची शक्यता बरीच आहे, तसं असेल तर त्यांना स्वातंत्र्याचं मेडल मिळालेलं असणार, केशरी पांढरी हिरवी रिबन, एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, खाली १५ ऑगस्ट १९४७. त्याच्या कडेला नंबर, रँक आणि नाव असतं. हे मेडल पोरांना खेळायला दिलेलं असतं, कारण ते चांदीचं नाही. ते सापडलं तर तुमचा सगळा प्रश्न एका मिनिटात सुटला.

पेन्शनर असल्यामुळे तुमचं काम पहिल्या पत्रवाल्यांपेक्षा खूप हलकं आहे. पेन्शनचा कागद, म्हणजे पीपीओ, त्यावर नंबर आणि कुठल्या रेकॉर्ड ऑफिसचा माणूस ते लिहिलेलं असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगाव, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागर, सॅपर्सचं खडकी. नात्याचा पुरावा जोडून आईच्या नावाने अर्ज करा, नातवाने केलेल्या अर्जापेक्षा मुलीने केलेला बरा. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक चक्कर मारा, माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांच्या नोंदी त्यांच्याकडे असतात, आजीचं नाव तिथे नक्की विचारा.

प्रश्न : मेडल काळं पडलंय, चिंचेने घासू का? (एक वाचक)

उत्तर : नका हो. चिंच नको, राख नको, पितांबरी नको, काहीच नको. चांदी मऊ असते, दरवेळी घासलं की कडेवरची अक्षरं थोडी थोडी जातात, आणि वर सांगितलं तसं त्या अक्षरांतच सगळं आहे. दर दसऱ्याला पूजेसाठी घासून घासून पार गुळगुळीत झालेली कड मी बघितलीय, प्रेमापोटीच केलं होतं घरच्यांनी, पण त्या माणसाचं नाव आता कुणालाच वाचता येत नाही. मऊ सुती कापडाने धूळ पुसा, कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. जुनी रिबन फाटली असली तरी टाकू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा, रंगांवरून मेडल ओळखता येतं.

प्रश्न : भंगारच्या दुकानात एक जड गोल तुकडा मिळाला, छोट्या बशीएवढा, ब्राँझचा असावा. त्यावर एक बाई आणि सिंह आहे आणि चौकोनात एक मराठी वाटणारं नाव इंग्रजीत उठवलेलं आहे. दुकानदार वजनावर विकत होता, मला बघवलं नाही म्हणून घेतला. हा कुणाचा ते शोधून त्यांच्या घरी द्यायचाय. जमेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही घेतलात ह्याबद्दल आधी मनापासून आभार. हे मेडल नाही, हा मेमोरियल प्लाक आहे. पहिल्या महायुद्धात जो मेला त्याच्या घरच्यांना हा पाठवायचे, १२० मिलिमीटरचा, साडेतेरा लाखांच्या आसपास वाटले गेले. काठावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. कुठल्या स्वातंत्र्यासाठी हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनात येतोच, माझ्याही येतो, पण ज्या घरात तो पोचला त्या घरात पोरगा गेल्याची एवढी एकच वस्तू होती.

अडचण अशी की प्लाकवर रँक नाही, नंबर नाही, पलटण नाही, मुद्दामच नव्हती घातली, मेल्यावर सगळे सारखे म्हणून. विचार चांगला होता पण आज शोधताना त्याचाच त्रास होतो. तुमच्याकडे नाव सोडून काही नाही. तरी जमेल, कारण हा माणूस मेलेला आहे आणि मेलेल्यांची नोंद कमिशनकडे आहे. वर सांगितलं तसं नाव आडनावाच्या रकान्यात टाका, इंडियन आर्मी आणि पहिलं महायुद्ध एवढी चाळणी लावा. एकच नाव आलं तर नशीब, पण बहुतेक पाच-सहा येतील. मग प्रत्येकाची नोंद उघडून गाव आणि बापाचं नाव वेगळ्या कागदावर लिहून काढा. स्मारकाचं नावही लिहा. बसरा असेल तर माणूस इराकात गेला, फ्रान्समधलं नव्ह शापेल असेल तर तिकडच्या आघाडीवर, दिल्लीचं इंडिया गेट असेल तर बऱ्याचदा वायव्य सरहद्दीवर.

मग भंगारवाल्याकडे परत जा. रागावू नका त्याच्यावर, त्याला चहा पाजा आणि विचारा हा माल कुठल्या बाजूने आला. गोळा करणाऱ्यांचे रस्ते ठरलेले असतात, मुळशी का भोर का सासवड एवढं जरी सांगितलं तरी तुमच्या पाच-सहा नावांतली तीन-चार गळतात. त्याच पोत्यात गोल मेडल्स होती का तेही विचारा, चांदीचं बहुधा आधीच वितळलं असेल पण व्हिक्टरी मेडल राहिलं असू शकतं आणि त्याच्या कडेवर नंबर मिळेल. आणि मध्येच कुणी परदेशातला ग्राहक चांगले पैसे देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं झालेल्या ऐतिहासिक वस्तू येतात, आणि अशी वस्तू खासगी माणसाला परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही.

गाव ठरलं की आधी ग्रामपंचायतीत किंवा शाळेतल्या जुन्या गुरुजींना भेटा. थेट कुणाच्या दारात उभं राहून तुमचा पणजोबा युद्धात मेला असं सांगू नका, जमिनीचं काहीतरी प्रकरण आहे असं वाटून माणसं बोलायची बंद होतात. मला एकदा हाच अनुभव आला. कोकणातल्या एका घरी असाच एक प्लाक घेऊन गेले होते, गावचे दोन म्हातारे सोबत होते तरी सुरुवातीला सगळे गप्प. घरात नव्वदीची एक आजी होती, गेलेल्याची पुतणी. तिला काका ऐकून माहीत होता, लग्न झालेलं नव्हतं त्याचं, एवढंच. तिने प्लाक मांडीवर घेतला, बोटाने नावाच्या उठावावरून दोनदा हात फिरवला, वाचता येत नव्हतं तिला, आणि मग विचारलं, ह्याच्यावर आपल्या गावाचं नाव नाही होय?

नव्हतं. मग तिच्या नातवाने वहीचं पान फाडलं, त्यावर काकाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, पलटण आणि बसरा असं मराठीत लिहिलं आणि ते प्लाकच्या मागे दोऱ्याने बांधलं, चिकटवायला मीच नको म्हटलं होतं. तुम्ही जाल तेव्हा असा एक कागद आधीच लिहून न्या, शाईने लिहा, आणि शोधताना जे जे सापडलं ते सगळं त्यात घाला.